फॅट एक पॉइंट नऊ

माझ्या दुधाला फॅट एक पॉइंट नऊ लागली, आन् तिची पावती फाटली आमच्या सासऱ्यांच्या नावानं.

माझ्या म्हंजी माझ्याच. म्हशीच्या न्हाय. म्हशीच्या दुधाला एक पॉइंट नऊ लागली असती तर मी कशाला सांगत बसले असते, सासऱ्यांनी म्हैसच इकून टाकली असती! आता हे कसं झालं ते एका दमात सांगते, मधी थांबवू नका, कारण पोरगं झोपलंय आन् ते कवा उठंल त्याचा भरवसा न्हाय.

मी माळेगाव बुद्रुकची, दिलेली कळंबला. बाळंतपण बारामतीत झालं. मंग सव्वा महिना माहेरी. तिथं सगळं आई बघायची. मी नुसती आळीव खायची आन् शेक घेऊन पडायची. पोरगं प्यायचं, झोपायचं, उठायचं, परत प्यायचं. मला वाटलं, पोर सांभाळणं म्हंजी हेच, लोक उगंच बोंबलत्यात!

सासरी धाडताना आईनं गाडीच्या खिडकीतनं एकच गोष्ट सांगितली. "अश्विनी, दोन्ही अंगाला सारखं पाजत जा गं. एकाच अंगाला पाजत बसलीस तर दुसऱ्यात गाठी धरतील."

आता आईनं 'सारखं' म्हणलं, म्हंजी मी सारखंच करणार की! मोबाईलवर टायमर लावला. दोन मिनटं हिकडं, दोन मिनटं तिकडं. घंटी वाजली की पोराच्या तोंडातनं काढायचं, फिरवायचं, दुसरीकडं लावायचं. ते आत्ता कुठं डोळं मिटून रंगात आलेलं असायचं, तवर परत घंटी! दहावीला गणितात दोनदा गेलेली बाई मी, पण आईशप्पथ सांगते, ह्या गणितात एक सेकंदसुदिक चुकले न्हाय.

आन् पोरगं रडायला लागलं. रडायला म्हंजी कसं, सकाळी रडायचं, दुपारी रडायचं, पिता पिता रडायचं, पिऊन झालं की रडायचं. तोंड लालभडक, मुठी आवळलेल्या, जसं काय माझ्यावर केसच टाकणार हाय.

त्या दिवसांत मी जागी कवा आन् झोपलेली कवा, मलाच कळायचं न्हाय. दुपारी पोराला मांडीवर घेऊन दारात बसलं की समोरचा ऊस हलायचा, त्याचे तुरे वाऱ्यावर पांढरे पांढरे व्हायचे, आन् मला वाटायचं दुधावर साय धरली. पापणी मिटली की कॅनॉलला पाण्याच्या जागी दूध चाललेलं दिसायचं, संथ, आवाज न करता, आन् काठावर आमच्या वस्तीतल्या सगळ्या म्हशी लुगडी नेसून, मांडीवर रेडकं घेऊन वळीनं बसलेल्या. सगळ्यांची रेडकं गप. माझंच रडतंय. आन् त्या सगळ्या म्हशी माना वळवून माझ्याकडं बघायच्या. (म्हशीचं बघणं लई वाईट असतंय. त्या काय बोलत न्हाईत, नुसतं बघत्यात.)

म्हशी बोलत न्हाईत, पण माणसं बोलत्यात. पोरगं रडणाऱ्या घरात सल्ल्याला तोटा नसतो. एक म्हणायची, तू दही खातीस म्हणून. दुसरी म्हणायची, तू दही खात न्हाईस म्हणून. मोबाईल उघडला तर त्यातली एक बाई म्हणायची पोराला गॅस झालाय, दुसरी म्हणायची आईला टेन्शन हाय म्हणून पोर रडतंय. हे ऐकून मला आणखी टेन्शन आलं.

आन् आत्या, म्हंजी आमच्या सासूबाई (आमच्यात सासूला आत्या म्हणत्यात), त्यांनी तर निकालच दिला. एक दिवस माझ्या झंपरावर पडलेला दुधाचा डाग त्यांनी बोटानं चाचपून बघितला, जसं काय बाजारात कापड बघत्यात.

"पातळ हाय."

"काय पातळ, आत्या?"

"दूध तुझं. निळसर दिसतंय बघ, पाण्यावाणी. ह्येनं काय पोराचं पोट भरतंय? मी तुझ्या नवऱ्याला पाजलं, तवा माझ्या दुधाला साय धरायची, साय!"

आता साय कशी धरायची, तापवायचं कुठं, हे इचारायची माझी काय टाप! मी नुसती मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आत्यांनी बारामतीवरनं पावडरीचा डबा मागवला आन् देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठिवला. म्हणाल्या, "शुक्रवारी फोडायचा. शुक्रवार चांगला असतोय."

दवाखान्यातल्या सिस्टर माझ्या कानाशी लागून सांगत हुत्या, सहा महिनं अंगावरचंच पाज, दुसरं काय न्हाय, पाणीसुदिक न्हाय. पण सिस्टर राहिल्या बारामतीत आन् डबा आला कळंबला. मी त्या डब्याकडं बघत बसायची. नऊ महिनं पोटात मी वागवलं, टाके मला पडले, आन् आता म्हणायचं की बाई, तुझं काम झालं, हो बाजूला? आन् दुसरं भ्याव त्याच्याहून मोठं. आत्या खरंच बोलत असतील तर? माझ्या दुधात खरंच काय नसंल तर? म्हंजी मी एवढे दिवस पोराला उपाशीच मारतीया की!

कुणाला इचारायचं? आशाताई यायच्या, सरकारी दवाखान्याकडनं बाळंतिणींची चौकशी करायला, पण आत्या शेजारी बसलेल्या असायच्या. आशाताई म्हणायच्या, "कसं चाललंय अश्विनी?" आन् माझ्या आधी आत्या म्हणायच्या, "झ्याक चाललंय." झालं, चहा पिऊन आशाताई पुढच्या घरी.

अशात बुधवारी सकाळी तात्या डेअरीवरनं आले. आमचे सासरे. माणूस तसा अबोल, सुनंशी तर समोरासमोर एक शब्द बोलत न्हाईत, मला काय सांगायचं असलं तर भिंतीला सांगत्यात. पण डेअरीची पावती हातात असली की त्यांना कंठ फुटतो. लाडी म्हशीचं दूध म्हंजी त्यांचा अभिमान.

"सात पॉइंट आठ!" तात्या अंगणातनंच वरडले. "अख्ख्या सेंटरवर एवढी फॅट कुणाची लागत न्हाय! मशीन हाय ते. मशीन कुणाचं मिंधं नसतंय!"

मी पेंगत हुते. ते शब्द माझ्या झोपेत असे आले, जसं दूध चहात पसरतंय. मशीन कुणाचं मिंधं नसतंय. मशीनला सासू नसती. मशीन दही खा, दही खाऊ नको म्हणत न्हाय. मशीन खरं काय ते सांगतं!

गुरुवारी कंपनीला सुट्टी असती. आमचे हे लोणी देवकरला कंपनीत हाईत, म्हणून गुरुवारी डेअरीला दूध घालायला हेच जात्यात. मी सकाळी सकाळी ह्यांना चुलीमागं गाठलं आन् हातात बाटली दिली.

"ह्ये काय?"

"हळू बोला की! माझं हाय."

"तुझं काय?"

"दूध."

ह्यांनी बाटली अशी धरली, जशी तिच्यात विंचू हाय. "आन् मी काय करू ह्येचं?"

"मशीनला लावून आणा. फॅट किती लागती ते बघा. चांगली लागली तर आत्यांना पावती दाखवू, डबा फोडायचा न्हाय म्हणू."

"येडी हाईस का अश्विनी?"

"अहो, मशीन कुणाचं मिंधं नसतंय."

माणूस भला हाय माझा. पंधरा दिवस झोप नसलेल्या बायकूबरं वाद घालायचा नसतो, एवढं त्याला कंपनीत शिकवलेलं नसलं तरी कळतंय. किटलीच्या कडीला पिशवी अडकवून, पिशवीत बाटली घालून गेला. आन् मी नमुना कसा काढलेला? पोराला पाजायच्या आधी, पहिल्या धारंचा, ताजा ताजा. म्हणलं परीक्षेला चांगलंच दूध बसवावं!

पुढचं ह्यांनी मला सांगितलं, तेबी दोन दिसांनी, तोंडावर टॉवेल धरून.

सेंटरवर वळ मोठी. मशीनवर बापू. मिशा अशा की टोकं कानाला सांगावा धाडतील. ह्यांनी म्हशीचं दूध घातलं, मंग हळूच बाटली पुढं केली. "बापू, एवढं जरा मशीनला लावून बघ की. असंच. नोंद नको."

पण बापूचं बोट सवयीचं. किटली तात्यांची, माणूस तात्यांचा, त्यानं तात्यांचा नंबर दाबला सुदिक! नमुना आत, नळी खाली, आन् वर भिंतीला लाल आकडं. तिथं आकडं एवढालं मोठं असत्यात की ज्याला चष्मा लागतो त्यालाबी दिसावं.

एक पॉइंट नऊ.

सगळी वळ माना वर करून आकडं बघाय लागली.

"कशाचं दूध हाय रं ह्ये?" बापूनं इचारलं.

हे पुरते अडकले. म्हशीचं म्हणावं तर तात्यांची अब्रू जाती. खरं सांगावं तर माझी जाती. "गाईचं," हे म्हणाले.

"तात्यानं गाय घेतली? कवा?"

"हल्लीच."

"कितवं येत? कितव्यांदा व्यालीया?"

"पयलंच हाय," हे म्हणाले. (ह्ये मातर खरं बोलले!)

बापूला काय पटंना. पंधरा वरसं मशीनवर बसलेला गडी. त्यानं बाटलीत करंगळी बुडवली, ह्यांच्या तोंडातनं 'आं' निघायच्या आत ती जिभंला लावली, डोळं बारीक केलं आन् सगळ्या वळीला ऐकू जाईल असा वरडला, "गोड लागतंय! साखर मारलीया! पाणी घालून वर साखर मारलीया!"

ह्यांनी आभाळाकडं बघितलं म्हणं. आभाळानं काय मदत केली न्हाय.

हिकडं घरी तात्या भाकरी खात बसलेले. मोबाईल वाजला. डेअरीचा मेसेज येतो ना, नंबर, लिटर, फॅट. तात्यांनी घास खाली ठिवला.

"एक पॉइंट नऊ?"

आत्या म्हणाल्या, "काय झालं?"

"एक पॉइंट नऊ! माझ्या नंबरावर! आगं, पाण्याला लावली तरी ह्येच्यापेक्षा जास्त लागंल!"

मी आत माजघरात ऐकलं. एक तर पावती तात्यांच्या नावानं फाटली. आन् दुसरं, एक पॉइंट नऊ! पाण्याहून पातळ! मी पोराकडं बघितलं, पोरानं माझ्याकडं बघितलं, आन् दोघांनी एकदमच रडायला सुरवात केली.

तात्या फटफटीला किक मारत्यात तवर दारात दामूअण्णा. शेजारचे. सेंटरवरनं सरळ आलेले, डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा.

"तात्या, नव्या गाईला वाढं आणलंय. गाय कुठाय?"

"कसली गाय?"

"आता लपवताय कशाला! पहिलारू हाय म्हणं. दूध जरा पातळ देती, पण गोड हाय म्हणं. कुठं बांधलीया, दाखवा की!"

आन् मी नेमकी तवाच पोराला घेऊन दारात!

दामूअण्णा म्हणाले, "काय गं पोरी, गाय बघितली का तू?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते आजून आठवत न्हाय. धरणी काय फाटली न्हाय, माझी सुद गेली न्हाय, मी नुसती उंबऱ्याला टेकून उभी, आन् दामूअण्णांच्या भाऱ्यातलं हिरवं हिरवं वाढं माझ्या डोळ्यापुढं पाण्यात हलावं तसं हलत हुतं.

अर्ध्या तासानं तात्या आले. मागं बसलेले आमचे हे, मान छातीत. तात्यांच्या हातात बाटली. अंगणाच्या मधी उभं राहून तात्या गरजले, "कोणी मिसळलंय ह्ये? कसली बाटली ही? आज सोक्षमोक्ष लागला पाहिजे! चाळीस वरसं दूध घालतोय, थेंबभर पाण्याचा डाग न्हाय माझ्या नावावर!"

मंग खिशातनं चष्मा काढला, आन् बाटलीवरची चिठ्ठी वाचाय लागले. ती बाटली माझ्या कॅल्शियमच्या टॉनिकची. धुतली हुती चांगली, पण चिठ्ठी काय निघाली नव्हती.

"सौ... अ... श्वि... नी," तात्यांनी वाचलं. "सकाळी... एक चमचा. संध्याकाळी... एक..."

थांबले.

बाटलीकडं बघितलं. ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी चपलंकडं बघितलं. मंग तात्यांनी ती बाटली अशी हळू तुळशीच्या कट्ट्यावर ठिवली, जसं काय जितं पाखरू हाय, चष्मा काढला, खिशात ठिवला आन् गोठ्यात निघून गेले.

आत्यांना मातर सगळा उलगडा झाला. हसावं का रडावं हे त्यांचं त्यांना ठरंना. पण जितक्या उशिरा ठरलं तितक्या जोरात त्या बोलल्या. "बघा! मी म्हणत हुते का न्हाय? पातळ हाय! आता तर मशीनबी म्हणतंय! शुक्रवारची वाट बघायची न्हाय. पाणी ठिव गं उकळायला!"

मी पाणी ठिवलं. काय करणार? मशीनच माझ्या इरोधात गेलं. भांड्याच्या बुडाशी बारीक बारीक बुडबुडं सुटायला लागलं, आत्यांनी डबा खाली काढला, आन् माझ्या डोळ्यातनं टिपं पडून चुलीवर चर्र चर्र वाजायला लागली. तेवढ्यात 'अश्विनी हाय का?' करत आशाताई दारात. पोराचं वजन करायला आलेल्या. आन् त्याच वक्ताला गोठ्यातनं तात्यांचा आवाज आला. मोठा. लाडी म्हशीशी बोलत हुते.

"ऐक गं लाडे. बापूला काय कळतंय? पहिल्या धारंचा नमुना नेला तर तुझीबी फॅट पडंलच की! पहिली धार तहानंची. लोणी असतंय शेवटच्या धारंत. म्हणून तर मी कास रिकामी होस्तवर तुझ्या खालनं उठत न्हाय. आता रेडकू लुचाय लागलं, आन् कुणी घंटी वाजवून त्येला मधीच ओढलं, तर त्येच्या वाट्याला काय येणार? दोन्हीकडचं पाणीच! दिवसभर घंटी वाजती आपल्या घरात. मला वाटलं शाळा भरलीया! त्येला त्येच्या मनानं सोडू द्यावं की. मी काय कुणाला सांगत न्हाय. मी आपलं तुला सांगतोय."

म्हैस रवंथ करत उभी. तिनं कानसुदिक हलवला न्हाय. तिला हे सगळं आधीच ठाऊक असावं.

आशाताईंनी माझ्याकडं बघितलं. "कसली घंटी गं?"

मी पदरात तोंड घालून सगळं सांगितलं. टायमर, दोन मिनटं, बाटली, बापू, एक पॉइंट नऊ. आशाताई आधी हसल्या न्हाईत, लई प्रयत्न केला त्यांनी. मंग भिंतीला टेकून खाली बसल्या आन् डोळं पुसत म्हणाल्या, "अगं, तू त्या लेकराला जेवायला बसवतीस, पाण्याचा तांब्या दाखवतीस, आन् भाकरी यायच्या आधी पाटावरनं उठवतीस! तात्या बरोबर बोलत्यात. एका बाजूचं पुरतं पिऊ दे. सोडलं त्यानं, तर मग दुसरी. पुढच्या वक्ताला दुसऱ्या बाजूनं सुरवात कर. गाठी बिठी काय होत न्हाईत. आन् मशीन म्हशीचं हाय, माणसाचं न्हाय!"

"पण ताई, एवढे दिवस उपाशी..."

"दिवसाला किती लंगोट भिजवतो?"

मी दोरीकडं बोट दाखवलं. ह्या खांबापासनं त्या खांबापर्यंत, आन् तिथनं पेरूच्या झाडापर्यंत. दिवाळीच्या माळा लावल्यासारखं.

आशाताईंनी हात जोडले. "उपाशी पोर एवढं मुततंय व्हय?" त्यांनी वजन केलं. काटा चांगला सरकला हुता. आत्यांनी तो काटा वाकून बघितला, परत चष्मा लावून बघितला, आन् डबा हातात घिऊन तशाच उभ्या राहिल्या. "पण साय..." म्हणाल्या.

तात्या गोठ्यातनं वरडले, ह्या खेपंला लेकाला. "जा, बापूला काय ते खरं सांगून ये!" हे गेले. बापूच्या कानात सांगितलं. बापूनं नोंद खोडली, आन् तवापासनं तो कोरा चहा पितोय म्हणं.

मी पोराला घिऊन बसले. मोबाईल लांब ठिवला. पोरगं प्यायला लागलं. दोन मिनटं झाली असतील, चार झाली असतील, घंटी न्हाय. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं, म्हणलं आता ओढती का काय. मी ओढलं न्हाय. मंग त्याचं गिळणं बदललं. सावकाश, मोठं मोठं, घुटुक, घुटुक. दाराबाहेर उसाचे तुरे सगळे एकाच अंगाला झुकलेले, ऊन त्यांच्यावर गुळासारखं पिवळं, आन् माझ्या अंगातनं काय तरी निघून त्या पोरात चाललेलं मला कळत हुतं, कॅनॉलचं पाणी सरीत शिरावं तसं. आवळलेल्या मुठी एक एक बोट करत उघडल्या. त्यानं स्वतःच तोंड सोडलं. व्हटाच्या कोपऱ्याला एक थेंब. आन् झोपलं!

आत्यांनी पायातली जोडवी वाजू नयेत म्हणून टाचंवर चालायला सुरवात केली. हे आले ते चपला हातात धरून. अर्धा तास गेला. तास गेला. एवढी शांतता आमच्या घरात मी आल्यापासनं कवा ऐकली नव्हती.

आन् मला भ्याव वाटायला लागलं.

रडत का न्हाय? पंधरा दिवसांत एवढा वेळ कवा गप बसलं न्हाय, आजच का? मी नाकापुढं बोट धरलं. वारा लागला, पण तो पोराचा का दारातला? छातीला कान लावला. धडधड ऐकू आली, पण ती त्याची का माझी? शेवटी राहवलं न्हाय. तळपायाला गुदगुली केली. उठलं न्हाय. मंग चिमटा काढला. बारीकच काढला!

पोरानं असा भोंगा सुरू केला की गोठ्यात लाडीनं दावं ताणलं, तात्या 'काय झालं, काय झालं' करत धावले, हे चपला टाकून आले आन् आत्या हातात पळी घिऊन.

"काय झालं गं? झोपलं हुतं की चांगलं!"

"काय न्हाय आत्या," मी म्हणलं. "जितं हाय का बघितलं."

आत्यांनी पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् पळी कपाळाला लावली.

"दूध घट्ट हाय गं बाई तुझं," त्या म्हणाल्या. "डोकंच पातळ हाय."